जिभेवरची साखर आणि रक्तातली साखर

(केनवड, ता. रिसोड, जि. वाशीम येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



भाषणास आरंभ करण्यापूर्वी आपल्यापैकी पाच जणांना मी व्यासपीठावर बोलाविले. मधुमेहाचे औषध ज्यांना चालू आहे त्यांनी येऊ नये, एवढी एकच अट घातली होती. त्यांना प्रत्येकी एक हिरवे पान दिले व ते एक-दोन मिनिटे चघळून थुंकून टाकण्यास सांगितले. चव थोडी कडवट व तुरट होती. त्यापलीकडे काही विशेष जाणवले नाही. मग त्यांना चुळा भरावयास लावून चिमूटभर साखर दिली. त्यानंतर त्यांच्या चेहऱ्यांवर जे उमटले ते आपण सर्वांनी पाहिले. एक गुरुजी म्हणाले, "ही साखर नाही, वाळू आहे." दुसऱ्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, तो त्यांना मातकट आणि किंचित खारट लागला. लिंबाचे सरबत नुसतेच आंबट लागले. मिठाची कणी मात्र नेहमीसारखी खारटच लागली. साखर साखरच होती, गूळही आपल्याच बाजारातला होता. बदल घडला होता तो जिभेवर.

ज्या वेलीचे हे पान आहे तिच्याविषयी आज बोलावयाचे आहे. ती डोंगराळ प्रदेशातील जुनी औषधी वेल आहे. तिचे रसायन काय, ते जिभेवर कसे काम करते आणि त्यावरून तिच्या औषधीपणाविषयी काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, याचा विचार आपण करू. हा विचार केवळ कुतूहलाचा नाही. ज्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे, त्या घराच्या दृष्टीने तो जीवनमरणाचाही होऊ शकतो.

वेलीची ओळख

संस्कृतात हिला मधुनाशिनी म्हणतात. हिंदीत गुडमार हे नाव रूढ आहे आणि विदर्भातील जडीबुटीच्या दुकानांतही ती बहुधा याच नावाने मिळते. मराठीत बेडकीचा पाला, कावळी, काळी कर्दोरी अशी नावे निरनिराळ्या भागांत ऐकावयास मिळतात. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे असे आहे. रुई ज्या कुळातली त्याच कुळातली ही वेल होय. सह्याद्रीच्या उतारांवर, दक्षिणेकडील डोंगरांत आणि मध्य भारतातील पानझडी जंगलांत ती झाडाझुडपांच्या आधाराने वर चढते. पाने समोरासमोर, लंबगोल व साधारण दोन बोटे लांबीची असून त्यांवर मऊ लव असते. फुले बारीक, पिवळसर, झुपक्यांनी येणारी. फळ टोकाकडे निमुळते होत जाणारे असून आतील बियांना रुईसारखाच रेशमी कापूस असतो.

येथे एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. नावावरून वनस्पती ओळखणे धोक्याचे असते. कावळी हे नाव आपल्याकडे दुसऱ्याही वेलींना दिले जाते. संस्कृतातील मेषशृंगी हे नाव मधुनाशिनीला लावण्याची परंपरा आहे. परंतु मराठीत मेडशिंगी म्हटले की आपल्या रानातला एक अगदी वेगळा वृक्ष डोळ्यांसमोर येतो. शिवाय रुईच्या कुळात विषारी वनस्पतीही आहेत. तेव्हा "चघळून पाहू, गोड लागेनासे झाले तर तीच," अशी परीक्षा अनोळखी वेलीवर कोणीही करू नये. आज जी पाने आणली ती ओळख पटवून घेतलेल्या रोपाची आहेत. आधी जाणकाराकडून ओळख, मग चव, हा क्रम मोडता कामा नये.

नीलगिरीतील रसायनज्ञ

हे पान चघळल्यावर गोडी नाहीशी होते, हे आपल्याकडील वनवासींना व वैदूंना पूर्वीपासून ठाऊक होते. पाश्चात्त्य विद्वानांच्या नोंदींत ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आली. एजवर्थ नावाच्या वनस्पती-अभ्यासकाच्या हे लक्षात आले आणि १८४७ च्या सुमारास डॉ. फाल्कनर यांनी ते लंडनमधील औषधशास्त्रज्ञांच्या सभेला कळविले.

तथापि पानात नेमके काय आहे, हा प्रश्न हाती घेतला तो डेव्हिड हूपर यांनी. त्या काळी मलेरियावर क्विनीन हेच मुख्य औषध होते आणि त्यासाठी नीलगिरीच्या डोंगरात सरकारी सिंकोना मळे होते. हूपर हे उटकमंड येथे त्या कामावरचे सरकारी रसायनज्ञ. कडूपणाची परीक्षा करणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या हाती गोडी घालविणारे पान यावे हा योगायोगच म्हटला पाहिजे. १८८७ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. आल्याची गोड वडी खाल्ली तर आल्याचा तिखटपणा तेवढा कळतो, बाकी सारे बेचव पीठ. गोड संत्रे खाल्ले तर ते लिंबासारखे आंबट लागते, असे त्यांनी नमूद केले. पानांतून त्यांनी एक आम्लधर्मी द्रव्य वेगळे केले आणि वेलीच्या शास्त्रीय नावावरून त्यास जिम्नेमिक आम्ल असे नाव दिले.

क्विनीनचा कडूपणाही या पानाने कमी होतो, असे हूपर यांना वाटले होते. पुढे शुद्ध केलेल्या द्रव्यावर जे प्रयोग झाले, त्यांत परिणाम मुख्यतः गोडीपुरताच मर्यादित असल्याचे दिसून आले. पान स्वतःच कडू असल्याने ते चघळल्यावर जीभ कडूपणाला काही काळ सरावते, हा त्यातील खुलासा. चांगल्या संशोधकाचे एक निरीक्षण टिकते, दुसरे दुरुस्त होते. शास्त्राची वाटचाल अशीच होत असते.

रिठ्याचा फेस आणि कुलूपकिल्ली

आता रसायनाकडे वळू. हूपर यांना जे एकच आम्ल वाटले, ते प्रत्यक्षात एकमेकांशी साम्य असलेल्या अनेक द्रव्यांचा समूह आहे, असे पुढील संशोधनात आढळले. ही द्रव्ये सॅपोनिन या वर्गात मोडतात. शब्द परका असला तरी वस्तू आपल्या घरातली आहे. रिठा किंवा शिकेकाई पाण्यात घुसळली की जो फेस येतो, तो सॅपोनिनमुळेच. या रेणूचे एक टोक तेलकट पदार्थाशी सलगी करते, तर दुसरे टोक शर्करेच्या जातीचे असल्यामुळे पाण्याशी. मधुनाशिनीतील रेणूंची घडणही अशीच आहे. मधला सांगाडा ३० कार्बन अणूंच्या पायावर उभारलेला; त्याच्या एका बाजूस ग्लुक्युरॉनिक आम्ल हा शर्करेचा भाऊबंद जोडलेला आणि दुसऱ्या बाजूस लहान आम्लांच्या शेपट्या लागलेल्या.

हा रेणू जिभेवर काय करतो? आपल्या जिभेवर रुचिकलिका असतात व त्यांतील पेशींच्या आवरणात प्रथिनांची बनलेली ग्राहके असतात. गोडीचे ग्राहक दोन प्रथिनांच्या जोडीने बनते. शास्त्रज्ञांनी त्यांना टी१आर२ व टी१आर३ अशी नावे दिली असून ही जोडी २००१ च्या सुमारास उलगडली. साखरेचा रेणू या ग्राहकात कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. मग पेशी मज्जातंतूमार्फत मेंदूला संदेश धाडते व आपण "गोड" म्हणतो. जपानमधील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, जिम्नेमिक आम्ल यांपैकी टी१आर३ या प्रथिनाच्या पेशी-आवरणात रुतलेल्या भागाशी जाऊन चिकटते. किल्ली कुलपात शिरते, पण आतला खटका हलत नाही. म्हणूनच केवळ साखर नव्हे, तर सॅकरीन व अस्पार्टेमसारखी कृत्रिम गोड द्रव्येही पान चघळल्यावर फिकी लागतात. खारट व आंबट यांची यंत्रणा निराळी असल्यामुळे तिला धक्का लागत नाही. हा परिणाम साधारणपणे अर्धा ते एक तास टिकतो. लाळेबरोबर द्रव्य धुऊन गेले की कुलूप पूर्ववत चालू लागते.

सृष्टीत असा चमत्कार एकटाच नाही. चिनी बोरीच्या पानांतही गोडी दडपणारे द्रव्य आहे, मात्र त्याचा परिणाम लवकर ओसरतो. पश्चिम आफ्रिकेत एक लहानसे लाल फळ होते. ते खाल्ल्यानंतर लिंबू गोड लागते. आणि आवळा खाऊन वर पाणी प्यायले की पाणी गोड लागते, हे तर आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी अनुभवलेले आहे. चव ही पदार्थात जेवढी असते तेवढीच ती आपल्या जिभेच्या घडणीतही असते, हे या सर्वांवरून ध्यानात येते.

आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. जिम्नेमिक आम्लाचा हा परिणाम माणसावर होतो, उंदरांवर मात्र होत नाही. उलट याच वेलीत गुरमारिन नावाचे ३५ अमिनो आम्लांचे एक लहान प्रथिन सापडले आहे. ते उंदरांच्या जिभेवरील गोडी दडपते, माणसाच्या जिभेवर त्याचा प्रभाव पडत नाही. कुलपे थोडी वेगळी, म्हणून किल्ल्याही वेगळ्या. उंदरावर जे घडले ते माणसावर घडेलच असे नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. पुढील विषयात ते आपणांस उपयोगी पडणार आहे.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास

"गोडी मारते ती वेल रक्तातील साखरही मारत असली पाहिजे," हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. मधुमेह या नावातच मध आहे आणि त्यावर मधुनाशिनी देण्याची परंपराही आहे. परंतु नावाची जुळणी म्हणजे पुरावा नव्हे. हे पडताळून पाहण्याचे काम आपल्याच देशात सुमारे १०० वर्षांपूर्वी सुरू झाले.

कलकत्त्यास डॉ. रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णांच्या रक्तातील साखरेवर त्यांना पानांचा उल्लेखनीय परिणाम आढळला नाही. पाठोपाठ १९३० मध्ये डॉ. म्हसकर व केयस यांचा प्रबंध निघाला. केयस हे मुंबईच्या हाफकिन संस्थेतील औषधशास्त्रज्ञ. कीर्तिकर व बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील महाग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांत हे दोघेही होते. प्राण्यांवरील प्रयोगांत पानांमुळे रक्तातील साखर उतरते, असे त्यांना आढळले. दोन्ही अभ्यास प्रामाणिक, दोन्ही नामांकित. उत्तरे मात्र भिन्न. एकाने रुग्ण तपासले होते, दुसऱ्याने प्राणी. उंदरांच्या जिभेची गोष्ट येथे आठवावी.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा मद्रासचा. १९९० मध्ये तेथील संशोधकांनी पानांच्या अर्काचा दीर्घकाळ केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाच्या २२ रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला रोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने देण्यात आला. त्यांच्या रक्तातील साखर कमी झाली, गोळ्यांचे प्रमाण घटविता आले, आणि पाच जणांना तर गोळ्या थांबवून केवळ अर्कावर ठेवता आले. हा निकाल निश्चितच आशादायक होता. पण त्याची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. रुग्णसंख्या लहान होती. कोणाला खरा अर्क व कोणाला तसेच दिसणारे निरुपद्रवी चूर्ण, हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासूनही गुप्त ठेवून केलेली तुलना त्यात नव्हती. आणि जे घडले ते वैद्यकीय देखरेखीखाली, रक्त वारंवार तपासून, ठरावीक शक्तीच्या अर्काने घडले. बाजारातून आणलेल्या चूर्णाच्या पुडीत किती आम्ल आहे, पाला कोणत्या ऋतूतला, किती जुना व मुळात तो याच वेलीचा आहे काय, हे पुडी सांगत नाही.

मग हा परिणाम होत असेल तर कसा? आतड्यातून साखर शोषली जाण्याचे काम हे द्रव्य मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. स्वादुपिंडाच्या पेशींतून इन्शुलिन बाहेर पडते, असेही १९९९ च्या लंडनमधील एका अभ्यासात आढळले. परंतु पेशींची आवरणे पाझरू लागल्यामुळे तसे होत असावे, अशी शंका त्याच अभ्यासात व्यक्त झाली. सॅपोनिनचा स्वभाव आपण पाहिलाच आहे. फेस आणणारे द्रव्य काचेच्या बशीतील पेशीचे आवरण सैल करू शकते. बशीत घडले ते पोटात घडेलच असे म्हणता येत नाही.

सारांश असा की, जिभेवरील परिणाम निःसंशय आहे. तो आपण मघाशी डोळ्यांनी पाहिला. रक्तावरील परिणामाबाबत आशा आहे, अपुरा पुरावा आहे आणि अधिक चांगल्या प्रयोगांची आवश्यकता आहे. या वेलीच्या उपयोगाने गोड खाण्याची इच्छा काही काळ मंदावते, असेही काही अभ्यासांत दिसले आहे. ज्याला गोड सोडवत नाही त्याला तेवढी मदतही थोडी नव्हे. मात्र पथ्य, चालणे, गोळ्या आणि तपासणी यांची जागा ही वेल घेऊ शकते, असे म्हणण्यास आज आधार नाही.

एक घरगुती अनुभव

हे सारे मी पुस्तकी उत्साहाने सांगतो आहे असे कोणास वाटू नये, म्हणून घरातील एक गोष्ट सांगतो. माझे एक मामा शेतकरी. साठीच्या सुमारास त्यांना "शुगर" निघाली. गोळ्या सुरू झाल्या, साखर आटोक्यात आली. पुढे कोणीतरी त्यांना या पाल्याचे चूर्ण आणून दिले. सकाळी चूर्ण तोंडात धरून मामांनी चहा घेतला, तर चहा नुसता कढत आणि तुरट लागला. साखर घातली आहे याची खात्री त्यांनी दोनदा मामीला विचारून करून घेतली. त्या दिवसापासून मामांची समजूत अशी झाली की, चूर्णाने साखर तोंडातच जळून जाते. मग ती रक्तात जाणार कोठून? गोळ्या बंद झाल्या. चहातली साखर मात्र वाढली, कारण आता भीती उरली नव्हती. रक्त तपासणेही बंद झाले.

सात-आठ महिन्यांनी पायाच्या अंगठ्याला काटा लागून जखम झाली. पायाची संवेदना कमी झाल्यामुळे ती दुखली नाही, आणि दुखली नाही म्हणून कोणी पाहिली नाही. दवाखान्यात नेले तेव्हा साखर फार वाढलेली होती. पाय वाचला, अंगठा गेला. मामा आजही हयात आहेत आणि आता गोळ्या चुकवीत नाहीत. पण मला त्यांचे एक वाक्य विसरता येत नाही. ते म्हणाले, "अरे, मला कोणी फसवलं नाही. माझ्या जिभेनंच मला सांगितलं."

मामांच्या तर्कात चूक कोठे झाली? त्यांचा अनुभव खरा होता, त्यावरून काढलेले अनुमान खोटे होते. साखर गोड लागली नाही तरी ती साखरच असते. ती पोटात जाते, पचते, रक्तात उतरते. जिभेवरचा पहारेकरी झोपला म्हणून वाड्यात कोणी शिरलेच नाही, असे होत नाही.

याची दुसरी बाजूही सांगून ठेवतो. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने डॉक्टरांना न कळविता हा पाला सुरू केला, तर साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचा संभव असतो. घाम फुटणे, हात थरथरणे, भोवळ येणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर त्यास तत्काळ साखर द्यावी. पाला चघळल्यामुळे ती त्याला गोड लागणार नाही. परंतु तिचे काम ती करीलच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हाही समज सोडला पाहिजे. या वेलीच्या सेवनानंतर एका रुग्णाच्या यकृतास इजा झाल्याची नोंद २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. असे प्रसंग विरळा असले तरी डॉक्टरांपासून काही लपवू नये, एवढा बोध त्यातून घ्यावयास हवा.

आपण काय करावे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आता केवळ शहरातील श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. सोयाबीन-तुरीच्या हंगामात दिवसातून पाच वेळा चहा घेणारे आपले गावही त्यात आले.

ग्रामपंचायत सदस्यांना माझी पहिली विनंती अशी की, ३० वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाची तपासणी होते आहे किंवा नाही इकडे लक्ष द्यावे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही सोय उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर केलेली आहे. आशाताई घरी येतात तेव्हा "मला काही झालेले नाही" असे म्हणून त्यांना परत पाठवू नये. साखर किती आहे हे रक्ताचा थेंब सांगतो. ते सांगण्याचा अधिकार जिभेला नाही.

दुसरी विनंती जैवविविधतेसंबंधी. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपूरला आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही एकदा भरून कपाटात जाते. आपण ती उघडावी. केनवडच्या शिवारात, बांधावर, आसपासच्या टेकड्यांवर कोणत्या औषधी वनस्पती आहेत, मधुनाशिनी त्यांत आहे काय, तिला येथील म्हातारी माणसे कोणत्या नावाने ओळखतात, हे शिक्षक व जाणत्या लोकांना सोबत घेऊन लिहून काढावे. व्यापारासाठी अशी सामग्री गोळा करणाऱ्यांकडून शुल्क आकारण्याची तरतूद या कायद्यात आहे. स्थानिक लोक आणि परंपरेने उपचार करणारे वैदू यांना कायद्याने सवलत दिलेली आहे. नोंदच नसेल तर हक्क कशावर सांगणार? पाल्याला मागणी आली की वेल मुळासकट ओढली जाते, आणि दोन-चार वर्षांत ती त्या डोंगरावरून नाहीशी होते. पाने खुडावीत, वेल राखावी.

लागवडीचा विचार करणाऱ्या शेतकऱ्यांनी प्रथम आपल्याच तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्राचा किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा. विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान पाहण्यासारखे आहे. ही वेल बियांपासून व छाटकलमांपासूनही लावता येते. परंतु खरेदीदार ठरविल्याशिवाय सोयाबीनचे शेत मोडून ती लावू नये, एवढे सावधपणाचे बोल मी सांगेन.

शिक्षकांसाठी दोन शब्द

जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू, असा जिभेचा नकाशा आपण शाळेत शिकलो आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही शिकविला जातो. तो खरा नाही. साऱ्या मुख्य चवी जिभेच्या सर्वच रुचिकलिकायुक्त भागांत कळतात. मघाशी आपल्या पाच मित्रांच्या तोंडातून गोडी नाहीशी झाली ती केवळ टोकावरून नव्हे. हा धडा वर्गात देण्यासाठी मुलांना औषधी पाला चघळावयास देऊ नये. आवळा व पाणी यांचा प्रयोग पुरेसा आहे. रिठ्याचा फेस काढून सॅपोनिन दाखविता येईल. मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना विचारून औषधी वनस्पतींची नावे लिहून आणली, तर नोंदवहीचे निम्मे काम होईल. आणि त्या निमित्ताने मुलांच्या मनात एक प्रश्न रुजविता येईल: "हे आपल्याला कसे कळले?" जिभेने कळले, उंदरावरून कळले, बशीतल्या पेशीवरून कळले, की माणसांवर नीट तुलना करून कळले? प्रत्येक उत्तराचे वजन वेगळे असते. हे ज्याला उमगले तो वेलीचा अपमान करणार नाही आणि तिच्यावर आंधळा विश्वासही ठेवणार नाही.

मित्रहो, मी बोलू लागलो त्याला आता पाऊण तास होत आला. मघाच्या पाच जणांना मी पुन्हा गुळाचा खडा देतो. गुरुजी मान डोलावीत आहेत. गूळ गोड लागू लागला. जिभेचे कुलूप पुन्हा उघडले. मघाशी वाळूसारखी लागलेली साखरही एव्हाना त्यांच्या रक्तात पोहोचली आहे, आणि तिने वाटेत कोणाला चव विचारलेली नाही. आज घरी गेल्यावर आपल्या घरातील मधुमेही माणसाला आपण सर्वांनी एवढे एकच विचारावे: "शेवटची तपासणी केव्हा केली?"